हृदयाची झडप बदलल्यानंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी : या चुका टाळा

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमेरॉल यांपैकी एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्या मराठवाड्यात बहुतेकांच्या औषधांच्या पिशवीत दुसरी असते आणि ती ‘ॲसिट्रॉम’ या नावानेच ओळखली जाते. व्हिटॅमिन केच्या आधाराने यकृतात तयार होणारे, रक्त गोठवणारे घटक ही गोळी कमी करते आणि तिचा परिणाम आयएनआर या, रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या तपासणीतून कळतो. महाधमनीच्या झडपेसाठी हा आकडा साधारणपणे २ ते ३ आणि मायट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५ ठेवतात, मात्र डिस्चार्ज कार्डावर आपल्यासाठी जो लिहिला असेल, तोच आपला. तो खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याची आणि ती मेंदूत जाऊन लकवा मारण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

‘डोस तोच आहे, तरी आकडा कधी दीड, कधी पाच’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. अशा वेळी दोष गोळीला दिला जातो. बारकाईने विचारपूस केली, तर मधल्या काळात जेवण, आजारपण, दुसरे औषध किंवा कामाचे ठिकाण यांपैकी काहीतरी बदललेले असते आणि ते कोणी डॉक्टरांना सांगितलेले नसते.

पालेभाजी कायमची बंद करणे

ही चूक रुग्णांपेक्षा सल्ला देणारे जास्त करतात. हिरव्या पालेभाजीत व्हिटॅमिन के असते हे खरे, पण ती पूर्ण सोडली की शरीरातला साठा इतका कमी होतो की, नंतर पाहुण्यांकडे खाल्लेली मेथीसुद्धा आकडा हलवते. मराठवाड्यात तर पालेभाजीला ऋतू असतो. हिवाळ्यात मेथी, पालक, करडई, हरभऱ्याची कोवळी भाजी आणि येळवसेची (वेळ अमावास्येच्या सणाची) भज्जी. उन्हाळ्यात त्याच घरात पिठले, वरण आणि कांदा. म्हणजे डिसेंबरात बसवलेला डोस एप्रिलमध्ये जास्त ठरू शकतो. म्हणून पालेभाजी खावी, पण आठवड्याचे प्रमाण शक्यतो सारखे ठेवावे. येळवसेच्या एका दिवसाच्या जेवणाने फारसे बिघडत नाही. ताटातले रोजचे वळण बदलले, तर आठ-दहा दिवसांत आयएनआर तपासून घ्यावा.

उपवासाचेही तसेच आहे. नवरात्राचे नऊ दिवस शाबुदाणा आणि भगरीवर काढून पुढे तुळजापूरला पायी जाण्याचा नेम अनेक घरांत असतो. खाणे कमी झाले की आयएनआर वाढतो. ताप आणि हगवण यांनीही वाढतो. नेम मोडा असे म्हणण्याचा येथे हेतू नाही, परंतु तो धरण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि नंतर तपासणी करावी.

अंगदुखीचे इंजेक्शन

सर्वांत घातक चूक हीच, असे माझे मत आहे. कंबर धरली की गावातल्या दवाखान्यात जाऊन सुई घेण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. या गोळीवर असताना स्नायूत दिलेल्या सुईमुळे आतल्या आत रक्त साकळून मांडी किंवा कुल्हा टणक सुजतो. शिवाय डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके जठरातून रक्तस्राव घडवू शकतात आणि तो धोका आयएनआरच्या आकड्यात दिसतही नाही. थोड्या दिवसांसाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित असते.

हगवणीसाठी सर्रास मिळणारे मेट्रोनिडाझोल, लघवीच्या संसर्गासाठीचे कोट्रायमोक्साझोल आणि गजकर्णावरचे फ्लुकोनाझोल आयएनआर झपाट्याने वाढवतात. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन तो खाली ओढते आणि ते बंद झाल्यावर वाढवून ठेवलेला डोस तसाच राहिला, तर आकडा उसळतो. ज्यात काय आहे ते देणाऱ्यालाही सांगता येत नाही अशी पुडी किंवा काढा घेऊच नये. कोणत्याही दवाखान्यात किंवा मेडिकलवर पहिले वाक्य ‘माझी झडप बदललेली आहे’ हेच असावे.

‘एक गोळी’ असा डोस लक्षात ठेवणे

ॲसिनोकुमेरॉलच्या १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. दुकानात १ची पट्टी संपलेली असते, २ची मिळते, आणि घरी मात्र ‘रोज एक’ चालू राहते. अशा रीतीने डोस कोणाच्याही नकळत दुप्पट होतो. पट्टीवरचा मिलिग्रॅमचा आकडा आणि वहीत लिहिलेला डोस दर वेळी जुळवून पाहावा. वॉरफरिन नाही म्हणून तेवढ्याच मिलिग्रॅमचे ॲसिनोकुमेरॉल घेणेही चूक आहे.

गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी, कारण सकाळी रक्त दिले तर दुपारपर्यंत आलेल्या रिपोर्टप्रमाणे त्याच दिवशी डोस बदलता येतो. चुकलेली गोळी त्याच रात्री आठवली तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट करू नये.

नमुना कसा घेतला हे न पाहणे

आयएनआरचे रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. तिच्यात ठरावीक प्रमाणात सायट्रेटचे द्रावण असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असे ते माप आहे. शीर सापडली नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर द्रावण जास्त होऊन आकडा खोटाच वाढलेला दिसतो. त्यावर विसंबून डोस कमी केला की खरा आयएनआर धोक्याच्या खाली जातो. रक्त नळीवरच्या रेघेपर्यंत आले आहे का, हे रुग्णाने स्वतः पाहावे. तपासणीही शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी.

आकडा स्थिर असेल तर साधारण महिन्यातून एकदा तपासणी पुरते. बीड किंवा धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तपासणी नेमकी येथेच तुटते. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते थेट उन्हाळ्यात परत. त्यांना नुसते रागावून काही होत नाही. निघण्यापूर्वी तपासणी करावी, हंगामभर पुरतील इतक्या एकाच कंपनीच्या गोळ्या सोबत घ्याव्यात, फडाजवळच्या तालुक्याच्या गावी लॅब शोधावी आणि रिपोर्टचा फोटो आपल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवावा. कोयत्याचा घाव लागला तर किमान दहा मिनिटे न सोडता दाबून धरावे आणि रक्त थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठावा.

बिनतपासणीची नवी गोळी मागणे

शेजाऱ्याला हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी डॅबिगॅट्रान किंवा अपिक्साबान दिलेले असते आणि त्याला आयएनआर करावा लागत नाही. यांत्रिक झडपेसाठी मात्र ही औषधे चालत नाहीत. डॅबिगॅट्रानच्या चाचणीत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही अधिक आढळल्याने ती थांबवावी लागली व २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपिक्साबानची चाचणीही २०२२ मध्ये मुदतीआधीच बंद झाली.

दात काढण्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी गोळी स्वतःहून बंद करू नये. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिकचा डोसही लागतो, तो विचारून घ्यावा. मूल हवे असलेल्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि अचानक बंद केली तर आईच्या झडपेला.

तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, अचानक दम लागणे, झडपेची ओळखीची टिकटिक मंदावणे, डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा डोक्याला मार लागणे, यांपैकी काहीही झाले तर मोठ्या रुग्णालयात त्याच दिवशी, तासाभराचाही उशीर न करता जावे. याउलट आकडा वाढला आहे पण रक्तस्राव नाही, अशा वेळी डॉक्टर बहुधा एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासतात. स्वतःच्या मनाने व्हिटॅमिन केचे इंजेक्शन घेऊ नये. त्याचा मोठा डोस गेला तर पुढे कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही आणि तोवर झडपेला गुठळीपासून संरक्षण राहत नाही.