वजनाचा काटा सात आठवडे अडला होता, तो असा हलला

पहिल्या महिन्यात 3 किलो उतरले, मग सात आठवडे काटा 81 वरच. रोज 45 मिनिटं चालणं चालूच होतं. भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं, सकाळी मध-लिंबूपाणी घेतलं. काहीच फरक नाही. फार खचलो होतो.

चूक किराणाच्या यादीत सापडली. आम्ही तिघं, महिन्याला तेल 5 लिटर. म्हणजे माणशी रोज सुमारे 55 मिली, जवळजवळ 450 कॅलरी. ताटात ते दिसतच नाही!

मग हे केलं. एक तारखेला 2 लिटर तेल वेगळ्या बरणीत काढलं, महिनाभर तेवढंच. कॅनमधून थेट ओतणं बंद. भाजीच्या फोडणीला 3 छोटे चमचे, आमटीला 2, मोजूनच. पोळीचं तेलही त्याच बरणीतलं (हेच आम्ही आधी धरत नव्हतो). तळण महिन्यातून एकदा, तेही याच हिशेबात. भात परत सुरू केला.

वजन रोज सकाळी चहाआधी करायचं, पण तुलना आठवड्याच्या सरासरीचीच. एका दिवसात किलोभर वरखाली होणं पाण्यामुळेही असतं.

तिसऱ्या आठवड्यात सरासरी उतरू लागली. चार महिन्यांनी 77.