ग्लोरांथातील कुळांचे आणि पंथांचे वैर खेळात कसे आणावे

ग्लोरांथा हे काल्पनिक जग ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचायला घेतले आणि १९७८ मध्ये निघालेल्या रूनक्वेस्ट या रोलप्लेइंग गेममधून त्यात प्रत्यक्ष भूमिका घेऊन वावरण्याची सोय झाली. या जगात देव खरोखर आहेत, भक्तांना ते सामर्थ्य देतात आणि त्यांची आपापसांतली भांडणे भक्तांकडे वारशाने येतात. त्यामुळे दोन गटांत वैर लावून द्यायला गेममास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, फारसे कष्ट पडत नाहीत. ते वैर चार-सहा सेशननंतरही, म्हणजे खेळाच्या चार-सहा बैठकांनंतरही, ताजे राहावे, यासाठी मात्र पूर्वतयारी लागते. माझ्या मते या तयारीचे सूत्र एकच आहे: प्रत्येक वैर अशा जागी आणावे, की तिथे एकाच पात्राच्या दोन निष्ठा एकमेकींसमोर उभ्या राहतील.

सुरुवात साम्राज्यापासून करू नये. लूनार साम्राज्याने १६०२ साली, म्हणजे ग्लोरांथाच्या कालगणनेनुसार, सार्टार या राज्याची राजधानी बोल्डहोम जिंकली आणि १६२५ मध्ये ड्रॅगन उठल्यावर तिथली सत्ता त्याच्या हातून निसटली, हा इतिहास मोठा आणि मोहात पाडणारा आहे. पण पहिल्याच सेशनला लाल चंद्राला पूजणारी ही लूनार फौज समोर आणली, तर खेळाडूंच्या लेखी ती मारायची माणसे एवढीच उरते. सार्टारमधला माणूस आधी आपल्या घराण्याचा, मग कुळाचा आणि त्यानंतर टोळीचा असतो. कुरणे आणि गुरे कुळाच्या मालकीची असतात आणि अनेक कुळे मिळून झालेल्या टोळीवर राजा असतो. म्हणून आधी खेळाडूंचे कूळ ठरवावे, त्याला लागून असलेली तीन कुळे कागदावर मांडावीत, आणि प्रत्येकासमोर एक तक्रार आणि एक सोयरीक लिहावी. तक्रार गुरांची, कुरणाची किंवा पाणवठ्याची असावी. या लोकांत कुळातल्या कुळात लग्न होत नाही, हा नियम गेममास्टरच्या फार कामाचा आहे, कारण ज्या कुळाची गुरे रात्री हाकून आणायची, तेच कुळातल्या अनेकांचे आजोळ असते.

अशी धाड खेळवताना अंधारात राखणीला बसलेल्या माणसाला नुसता राखणदार म्हणू नये. त्याला नाव द्यावे, तो अमक्या पात्राचा मामेभाऊ आहे हे सांगावे, आणि त्याने आवाज ओळखून हाक मारली की थांबून त्या खेळाडूकडे पाहावे. धाडीला निघण्यापूर्वीच हेही स्पष्ट करावे की गुरे पळवणे हा त्या समाजात जवळजवळ मान्य असलेला पराक्रम आहे, पण माणूस मेला तर त्याच्या दर्जाप्रमाणे भरपाई द्यावी लागते आणि ती भरपाई सगळ्या कुळाच्या गोठ्यातून जाते. भरपाई नाकारली की सूडाला सूड सुरू होतो. एवढे कळल्यावर खेळाडू तलवार उपसण्याआधी आपोआप विचार करू लागतात, आणि धाडीत रक्त न सांडता गुरे आणणे हीच खरी चुरस होते.

रूनक्वेस्टच्या २०१८ च्या आवृत्तीत या निष्ठांना आकडे आहेत. सार्टारी पात्र कुटुंबावरचे प्रेम, कुळनिष्ठा आणि टोळीनिष्ठा प्रत्येकी ६० टक्क्यांनी घेऊन खेळात येते. शंभरी फाशात (१ ते १०० आकडे देणाऱ्या) निष्ठेच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी आकडा पडला, तर हातातल्या कौशल्यात २० टक्क्यांची भर पडते आणि साधे अपयश आले तर घट होते. मामेभावाच्या प्रसंगी कुटुंबप्रेम आणि कुळनिष्ठा दोन्हींसाठी फासे टाकायला सांगावेत. मात्र फाशांनी पात्राचा ताबा घेऊ नये. कोणती ओढ जास्त आहे एवढे त्यांनी दाखवावे आणि निर्णय खेळाडूवर सोडावा.

धार्मिक वैराला वेगळी तयारी लागते, आणि तिच्यासाठी सोन्याच्या टेकडीच्या कथेइतका चांगला नमुना मला दुसरा दिसत नाही. येल्मालिओ हा प्रकाशाचा देव महाअंधाराच्या काळात त्या टेकडीवर गेला. तिथे वादळदेव ओर्लांथने त्याला हरवून त्याची शस्त्रे घेतली; झोराक झोरान या ट्रोलांच्या देवाने त्याला घायाळ करून त्याचे अग्निसामर्थ्य लुटले; तरीही तो विझला नाही. ओर्लांथच्या भक्ताला हा विजय वाटतो, झोराक झोरानच्या भक्ताला ती हक्काची लूट वाटते, आणि येल्मालिओच्या भक्ताला सर्वस्व गमावूनही तग धरण्याचा तो धडा वाटतो. म्हणून ही कथा टेबलावर सर्वांसमोर एकच एक करून वाचू नये. प्रत्येक खेळाडूला त्याच्या पंथाच्या तोंडची कथा वेगळ्या कागदावर द्यावी आणि खरी कोणती, हे गेममास्टरने कधीही सांगू नये. पुढे एखाद्या लढाईत ट्रोलाने मंत्राने आपले शस्त्र पेटवले, की येल्मालिओचा भालाईत त्या ज्वाळेत आपल्या देवाची चोरलेली वस्तू पाहील, आणि शेजारी उभ्या असलेल्या ओर्लांथभक्ताला ती फक्त ज्वाळा दिसेल. त्या दोघांना त्याच दिवशी एका फळीत लढावे लागत असेल, तर प्रसंग आणखी रंगतो. समोर केऑसचे, म्हणजे विश्वच नष्ट करू पाहणाऱ्या विकृत शक्तीचे, प्राणी आणले की असा तह पटण्याजोगा होतो, कारण त्यांच्याविरुद्ध जुने वैरीही एकत्र येतात.

लूनारांशी असलेला तंटाही मुळात इथेच आहे. लाल चंद्राच्या देवीच्या, म्हणजे लूनारांच्या लाल देवीच्या, धर्मात केऑसलाही विश्वाचा भाग मानले जाते, आणि ओर्लांथच्या लोकांना हे असह्य होते. तरीही लूनारांना खलनायक करू नये. सात मातांचा हा लूनार पंथ परक्यांनाही आपल्यात घेतो; तेव्हा कुळात जिची कोणी दखल घेतली नाही अशी एखादी चुलतबहीण त्या मंदिरात गेलेली दाखवावी, आणि ती तिथे मनापासून सुखी असावी.

प्रॅक्सच्या माळरानावर खेळत असाल, तर वाहा या तिथल्या टोळ्यांच्या देवाचा करार पुरेसा आहे: कोणी खायचे आणि कोणी खाद्य व्हायचे, हे माणसे आणि प्राणी यांच्यात स्पर्धेने ठरले, आणि मोरोकांथ हे टॅपिरसारखे दिसणारे बुद्धिमान प्राणी जिंकल्यामुळे ते माणसांचे कळप पाळतात. इतर टोळ्यांना त्याची किळस येते, पण तोच करार त्यांनाही पवित्र असल्यामुळे त्याला अधर्म म्हणता येत नाही.

आपल्याकडे खेळताना एक पथ्य मी आग्रहाने सांगेन. खऱ्या जातींची, धर्मांची नावे किंवा खुणा या कुळांना आणि पंथांना चिकटवू नयेत. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाला ते लागेल, याचा अंदाज बाहेरून येत नाही, आणि ग्लोरांथाला अशा उसनवारीची गरजही नाही.

ग्लोरांथाचे वर्ष २९४ दिवसांचे असते: पाच ऋतू आणि शेवटी दोन आठवड्यांचा पवित्र काळ. त्या काळाचे सेशन हिशेबासाठी राखून ठेवावे. तीन शेजारी कुळांचा कागद पुन्हा काढावा, कोणती भरपाई दिली गेली, कोणती थकली, कोणाच्या घरी कोणत्या कुळाची सून आली, हे खेळाडूंकडूनच लिहून घ्यावे, आणि एखादी तक्रार मिटली असेल तर ती खोडून तिच्या जागी नवी तक्रार मात्र गेममास्टरने लिहावी, शक्यतो त्या मिटवण्यातूनच निघालेली.