जांभळ्या बुचाची नळी आधी भरू नका
एकाच पेशंटचं रक्त तीन-चार नळ्यांत घ्यायचं असेल तर आधी निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, त्यानंतर जांभळी आणि शेवटी करडी. जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. त्याचा अंश सीरमच्या (लाल किंवा पिवळ्या) नळीत गेला तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, कॅल्शियम घटलेलं. असा रिपोर्ट पाहून धडधाकट माणसावर उपचार सुरू होऊ शकतात! लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतायचं तर मुळीच नाही. पेशंटला नीट समजावून पुन्हा टोचा. जांभळी नळी भरल्यावर लगेच हलक्या हाताने ८-१० वेळा उलटसुलट करा. जोरात हलवलीत तर पेशी फुटतात. आणि वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, ती थेट शार्प्सच्या (टोकदार, धारदार कचऱ्याच्या) पांढऱ्या डब्यात टाका.