कुमारी मातृत्व आणि विज्ञान : धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय कसा हाताळावा

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न येतो. तो बहुधा नववी-दहावीतले मूल विचारते, कारण गुणसूत्रांचा धडा शाळेत नुकताच झालेला असतो : "सर, मुलगा व्हायला वाय गुणसूत्र लागते आणि ते वडिलांकडून येते. मग येशूला ते कुठून मिळाले?" वर्गात खसखस पिकते आणि शिक्षक घाईघाईत दोहोंपैकी एक चूक करतो. एक तर 'श्रद्धेच्या गोष्टीत असले प्रश्न विचारायचे नसतात' असे म्हणून तो मुलाला गप्प बसवतो, नाही तर नराविना पिल्ले देणाऱ्या प्राण्यांचे कुठेतरी वाचलेले दाखले देऊन विज्ञानालाच साक्षीला उभे करतो. मी दोन्ही चुका केल्या आहेत. दुसरी अधिक महागात पडते, कारण मुले घरी जाऊन मोबाइलवर ते तपासतात.

सुरुवात शब्दांपासून करावी. 'कुमारी मातृत्व' आणि 'निष्कलंक गर्भसंभव' या दोन वेगळ्या शिकवणुकी आहेत, हे फळ्यावर लिहूनच पुढे जावे. जन्मभर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्यांचीही यात गल्लत होते. पणजीच्या त्या नागमोडी पायऱ्यांच्या चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते, ते निष्कलंक गर्भसंभवाचे. मरिया स्वतः तिच्या आईच्या उदरात आली तेव्हापासूनच आदिपापाच्या, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो त्या पापाच्या, डागापासून मुक्त होती, असा त्याचा अर्थ आहे, आणि पोप नववे पायस यांनी १८५४ साली ते कॅथलिक श्रद्धासत्य म्हणून घोषित केले. त्यात मरियेच्या आईवडिलांच्या संबंधाविषयी काहीही वेगळे म्हटलेले नाही. कुमारी मातृत्वाचा दावा येशूविषयी आहे : पुरुषाच्या संबंधाविना, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने तो मरियेच्या उदरी संभवला. ही श्रद्धा कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या सगळ्यांच्या मतांगीकारांत, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, आहे.

विज्ञानाकडे वळण्यापूर्वी बायबलमधील मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांचा (येशूच्या चरित्रांचा) पहिला अध्याय वर्गात मोठ्याने वाचून घ्यावा. वाचताना दोन ठिकाणी थांबावे. मरिया गरोदर आहे हे कळताच तिचा वाग्दत्त वर योसेफ, जो सुतार होता, तिला गुपचूप सोडून देण्याचे ठरवतो. आणि देवदूताचा निरोप ऐकल्यावर मरियेच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो हाच की, मी पुरुषाला ओळखत नाही, मग हे कसे होणार? त्या काळचे लोक भोळे होते, म्हणून त्यांनी हे मानले, असे म्हणणाऱ्यांना या दोन ओळी दाखवाव्यात. सस्तन प्राण्याचे बीजांड कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी प्रथम पाहिले ते १८२७ साली. पण मूल पुरुषाविना होत नाही, हे त्या सुताराला पक्के ठाऊक होते, म्हणून तर तो हादरला.

याच तासात अवघड बाजूही सांगून टाकावी. मार्क आणि योहान यांच्या शुभवर्तमानांत ही जन्मकथा नाही, आणि प्रेषित पौल आपल्या पत्रात केवळ 'स्त्रीपासून जन्मलेला' एवढेच म्हणतो. मत्तय यशया या संदेष्ट्याचे जे वचन देतो, त्यातील मूळ हिब्रू शब्द 'अल्मा' आहे, ज्याचा सरळ अर्थ तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात त्या जागी 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाने तोच अर्थ घेतला. ही माहिती मुलांना बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याकडून कळलेली बरी.

या 'पार्थेनोस'वरूनच जीवशास्त्रातला पार्थेनोजेनेसिस हा शब्द आला. मराठीत त्याला अनिषेकजनन म्हणतात, म्हणजे नराविना प्रजनन. येथे जपून चालावे. मावा किडीत ते सर्रास घडते. इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगन माद्यांनी नराविना पिल्ले देऊ शकणारी अंडी घातल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील कॉन्डोर गिधाडांतही अशी दोन पिल्ले आढळल्याचे २०२१ साली जाहीर झाले. वर्गातले हुशार मूल लगेच म्हणेल की, कोमोडोची ती पिल्ले तर नर होती. ते खरे आहे, पण त्या प्राण्यात दोन सारखी गुणसूत्रे असली की नर होतो, आणि माणसात नेमके उलटे आहे. केवळ आईच्या बीजांडातून माणसाचे मूल झालेच, तर ती मुलगी असेल.

सस्तन प्राण्यांत तर त्याआधीच गाडी अडते. काही जनुकांवर ती आईकडून आली की बापाकडून, याची रासायनिक खूण असते, आणि गर्भ वाढायला दोन्ही खुणा लागतात. केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्रा व डाव्होर सोल्टर यांनी १९८४ साली उंदरांवर हे दाखवून दिले : जनुकांचे दोन्ही संच आईचेच असलेले गर्भ जगले नाहीत. पुढे २००४ साली जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या गटाने जनुकांत फेरफार करून दोन माद्यांच्या बीजांडांपासून उंदीर जन्माला घातला. ४५७ बीजांडे जुळवल्यावर प्रौढ वयापर्यंत पोहोचली ती एकच, आणि तीही मादी.

माझ्या अनुभवात मुलांना सर्वांत धरून ठेवते ती १९५५ सालची लंडनची हकिकत, म्हणून तिला वेळ द्यावा. हेलन स्पर्वे या जीवशास्त्रज्ञ (नंतर त्या पती, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासह भारतात स्थायिक झाल्या) गप्पी माशांतील नराविना प्रजननाचा अभ्यास करत होत्या. असे माणसात अगदी क्वचित घडत असेल का, हा विषय त्यांच्या व्याख्यानातून निघाला आणि 'संडे पिक्टोरियल' या वर्तमानपत्राने तशा मातांनी पुढे यावे, असे आवाहन केले. एकोणीस स्त्रिया आपापल्या मुलींसह आल्या. काहींचा प्रश्न समजण्यातच घोटाळा झाला होता; बाकीच्या एकेक करून तपासण्यांत गळत गेल्या. शेवटी एक मायलेकींची जोडी उरली, जी रक्ताच्या चाचण्यांत जुळत होती. मुलीत आईबाहेरचे काहीच नसेल, तर मुलीच्या त्वचेचा तुकडा आईच्या अंगावर टिकायला हवा, म्हणून तो लावून पाहिला. तो टिकला नाही. डॉक्टरांनी १९५६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सगळा वृत्तान्त सावधपणे मांडला.

ही हकिकत सांगून झाल्यावर मुलांना विचारावे की, येथे विज्ञानाने काय केले? त्याने कोणाची थट्टा केली नाही, दावा ऐकला, कसोटी ठरवली आणि ती जिवंत रक्तामांसावर लावून पाहिली. मरियेच्या बाबतीत तपासायला काहीच हाताशी नाही. एरवी असे घडत नाही, एवढे विज्ञान ठामपणे सांगते. आणि ख्रिस्ती श्रद्धाही नेमके तेच गृहीत धरते, कारण एरवी घडणारी गोष्ट देवाचे चिन्ह कशी ठरेल? म्हणूनच अनिषेकजननाचे दाखले देऊन श्रद्धेला आधार देणारा शिक्षक नकळत तिचा गाभाच काढून घेतो.

मात्र जाणत्या ख्रिस्ती माणसांतही यावर एकमत नाही, हे सांगायला कचरू नये. आर्थर पीकॉक हे जैवरसायनशास्त्रज्ञ आणि अँग्लिकन धर्मगुरू. त्यांनी कुमारी मातृत्व शब्दशः मानले नाही, कारण येशू आपल्यासारखाच पूर्ण माणूस असेल, तर त्याची आनुवंशिक घडणही आपल्यासारखी असायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. जॉन पोल्किंगहॉर्न हे केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ. तेही पुढे धर्मगुरू झाले, आणि त्यांनी मात्र ही श्रद्धा स्वीकारली.

आपल्याकडे कर्णाचे नाव निघतेच. ते निघाले तर कपाळाला आठी घालू नये. कुंतीच्या कथेत सूर्य स्वतः येतो. लूकच्या कथेत पुरुषाची भूमिका घेणारे कोणीच नाही, आणि आत्म्यासाठीचा हिब्रू शब्द तर स्त्रीलिंगी आहे. एवढा फरक दाखवून पुढे जावे. मुसलमान मित्राकडून ऐकलेले कोणी सांगितले, तर कुराणातही मरियमचे कुमारी मातृत्व मानलेले आहे, याला दुजोरा द्यावा.

उरले ते वाय गुणसूत्र. त्याचे उत्तर मी असे देतो : तुझा हिशेब बरोबर आहे, आईकडून ते मिळत नाही, शुभवर्तमान त्याविषयी काही सांगत नाही, जे ही श्रद्धा मानतात, ते हे गुणसूत्र देवाच्या निर्मितीचाच भाग मानतात, आणि प्रयोगशाळेत हे दाखवता येणार नाही. यावर मूल हमखास विचारते, "पण सर, तुम्ही स्वतः मानता का?" तेथे 'चर्च मानते' या उत्तराआड लपू नये. मी मानतो, असे सांगतो, आणि पुढच्या रविवारी योसेफाचा धडा घेतो.