एन्ड्युरन्स रेसिंगमध्ये सीट मिळवायची कशी, टिकवायची कशी

एन्ड्युरन्स रेसिंग म्हणजे एकच गाडी दोन-तीन ड्रायव्हरांनी आलटूनपालटून तासनतास चालवायची शर्यत. टीमने टेस्टला बोलावलेल्या ड्रायव्हरचा सर्वांत वेगवान लॅप इंजिनिअर सगळ्यांत शेवटी बघतो. त्याआधी तो अख्ख्या स्टिंटचा (एका ड्रायव्हरने सलग चालवलेल्या पाळीचा) कागद समोर ठेवतो: पाचव्या फेरीचा वेळ किती, विसाव्या फेरीचा किती, टायर घासल्यावर किती घसरला, मागच्या गाड्यांना वाट देताना किती गेला. एक फेरी झकास मारणारे ढिगाने मिळतात. त्याच टायरवर विसाव्या फेरीतही अर्ध्या सेकंदाच्या आत राहणारा मिळत नाही. सराव करायचा तो याचाच.

सुरुवात कार्टिंगपासून. कोल्हापूरला मोहिते ट्रॅक आहे. पुढे एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर स्पोर्टची संघटना) परवाना काढून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर स्विफ्टचं इंजिन असलेली एलजीबी फॉर्म्युला ४ चालवायची. एन्ड्युरन्सची पहिली खरी पायरी मात्र देशाबाहेर आहे. आशियाई ल मां मालिका (मूळ ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत) आपल्याला सोयीची: हिवाळ्यात सेपांग, दुबई, अबुधाबी, आणि शर्यत ४ तासांची. २०२१ मध्ये नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव हे तिघे भारतीय याच मालिकेत एलएमपी२ गाडीत (फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांचा दुसरा वर्ग) उतरले होते. करुण चांढोकने २०१२ मध्ये थेट ल मां गाठलं आणि सहावा आला, पण तो फॉर्म्युला वनमधून आलेला. तो रस्ता सगळ्यांसाठी नाही.

आता पैशाचं गणित, कारण इथेच बहुतेकांचं करिअर अडतं. एफआयए ही मोटर स्पोर्टची जागतिक संघटना प्रत्येक ड्रायव्हरला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड किंवा प्लॅटिनम असा दर्जा देते; वय, पहिला परवाना कधी काढला आणि आजवरचे निकाल यावरून. एन्ड्युरन्सच्या जागतिक मालिकेतल्या एलएमजीटी३ गाडीत (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेला, सर्वांत संथ वर्ग) तिघांपैकी एक ब्राँझ असावाच लागतो आणि दुसऱ्याचा दर्जा सिल्व्हरच्या वर चालत नाही. ब्राँझ म्हणजे बहुधा स्वतःच्या धंद्यातून खर्च उचलणारा हौशी ड्रायव्हर. गोल्ड-प्लॅटिनमच्या सीटवर कंपन्यांचे पगारी ड्रायव्हर बसतात. तरुणाला शिरायला जागा उरते ती सिल्व्हरची. गोल्डच्या वेगाचा सिल्व्हर असाल तर टीम तुम्हाला शोधत येते. पण निकाल फार चांगले लागून दर्जा गोल्डला चढला की तीच सीट हातची जाते. बढती मिळाली म्हणून नोकरी जाण्याचा हा प्रकार आहे, तेव्हा दोन वर्षांपुढचा करार करताना त्यात दर्जा बदलल्यास काय, हे कलम लिहून घ्या.

नव्या टीममध्ये पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं ते ड्रायव्हर बदलणं. इंधन भरणं चालू असतानाच हे उरकायचं असतं. लक्ष्य २० सेकंदांच्या आसपास ठेवा. क्रम ठरलेला:

१. गाडी पूर्ण थांबल्यावरच पट्टे सोडायचे, आधी नाही. खांद्याचे पट्टे बाहेरच्या बाजूला फेकायचे, म्हणजे पुढच्याच्या पाठीखाली अडकत नाहीत.
२. रेडिओची पिन आणि पाण्याची नळी सोडायची, स्टिअरिंग काढून डॅशवर ठेवायचं. स्वतःचा फोमचा सीट इन्सर्ट (अंगाच्या मापाची गादी) असेल तर तो ओढतच बाहेर पडायचं.
३. पुढच्याने आपला इन्सर्ट टाकून बसायचं. आधी मांड्यांमधला आणि कमरेचा पट्टा, तोही जिवाच्या आकांताने आवळलेला. खांद्याचे मग.
४. उतरलेल्याने दारात वाकून खांद्याचे पट्टे हान्सच्या (मान वाचवणारी खांद्यावरची चौकट) बरोबर वर बसवायचे, रेडिओची पिन खोचायची, जाळी किंवा दार लावायचं.

घोटाळे तेच ते होतात. मांडीखालचा पट्टा इन्सर्टखाली जातो आणि सापडत नाही. म्हणून पट्टे वेल्क्रोने बाजूला धरून ठेवतात. खांद्याचे आधी आवळले तर कमरेचा सैलच राहतो, आणि पुढचा तासभर प्रत्येक ब्रेकला अंग पुढे सरकतं. रेडिओची पिन अर्धवट बसली तर ते ट्रॅकवर गेल्यावरच कळतं, म्हणून गाडी जॅकवरून खाली येण्याआधी ‘रेडिओ चेक’ झालाच पाहिजे. गाडीबद्दल जे सांगायचं ते पिटमध्ये (गाडी थांबवायच्या जागी) येण्याआधी रेडिओवर सांगा. दारात ओरडलेलं कुणाला ऐकू येत नाही. आणि घाई फक्त गाडीपाशी करा. २००९ मध्ये ल मांची शर्यत सुरू होण्याआधी पिट वॉलवरून पडून कार्तिकेयनचा खांदा निखळला. त्याची गाडी उरलेल्या दोघांनीच २४ तास चालवली.

पिटमधून निघाल्यावरची पहिली फेरी सर्वांत धोक्याची. जागतिक मालिकेत टायर वॉर्मरवर (टायर आधीच तापवून ठेवणाऱ्या साधनावर) बंदी आहे, म्हणजे नवे टायर गार आणि त्यांतला दाब कमी. ल मांला तर निघाल्या निघाल्या डनलॉप शिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) येते. गाडी सापासारखी डावी-उजवीकडे हलवून फारशी ऊब येत नाही. ब्रेकच्या उष्णतेने रिम तापते, रिमने टायर. म्हणून सरळ रस्त्यावर लवकर आणि लांब ब्रेक मारा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरून फिरू न देणारी यंत्रणा) दोन पायऱ्या वाढवा, कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) चढू नका. मागच्या चाकांची पकड सुटते ती बहुधा वळणातून बाहेर पडताना, एक्सलेटर लवकर दाबल्याने.

मग ट्रॅफिक. ल मांची १३.६२६ किलोमीटरची फेरी हायपरकार (सर्वांत वेगवान वर्ग) साधारण साडेतीन मिनिटांत मारते, जीटी३ चार मिनिटांत. म्हणजे तीच हायपरकार जवळपास दर २८ मिनिटांनी तुम्हाला गाठणार. अशा वेगवान गाड्या ३५-४०, एलएमपी२ धरून. तेव्हा जीटी३ ड्रायव्हरला मिनिटाला एकदाहून जास्त वेळा कुणीतरी ओलांडतं. आरशात दिवा दिसताच बाजूला उडी मारणं ही नवख्याची चूक, कारण मागच्याने नेमकी तीच बाजू धरलेली असते. आपली रेषा सोडू नका, वाट काढणं त्याच्यावर सोपवा. सरळ रस्त्यावर थोडं आधी एक्सलेटर सोडून त्याला ब्रेकिंगआधीच जाऊ दिलं तर दोघांचं नुकसान कमी होतं, शिवाय इंधनही वाचतं.

ल मांच्या नियमाने एका ड्रायव्हरला कुठल्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा जास्त आणि एकूण १४ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. दोन स्टिंटच्या मध्ये चार-पाच तास मिळाले तरी उतरल्यावर इंजिनिअरशी बोलणं, मालिश, जेवण यांत दीड तास जातो, आणि परत पाऊण तास आधी उठायचं. हाती झोप दोन तासांची. ती मिळवायची तर जेवण हलकं ठेवा, भात-पास्ता चालेल, तळलेलं नको. फोन टीममधल्या एकाकडे देऊन टाका आणि उठवायची जबाबदारीही त्याच्यावरच टाका. कोरडा बालाक्लावा (हेल्मेटखालचा कापडी मुखवटा) आणि हातमोजे झोपण्याआधीच हेल्मेटमध्ये ठेवा. पहाटे तीनला अंधारात ते सापडत नाहीत, आणि घामाने ओला बालाक्लावा चढवला तर पहिल्या दोन फेऱ्या व्हायझरवर वाफ धरते.