रोजा धरलेल्या पेशंटशी वागताना या चुका टाळा

दुपारचे दोन वाजले होते. ओपीडीच्या बाकावर बसलेले चाचा घामानं ओलेचिंब, हात थरथरत होते. बोट टोचलं तर साखर 54! ग्लुकोजचं पाणी पुढं केलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. "नक्को सिस्टर, रोजा हाय."

"एवढी शुगर असताना कशाला धरायचा?" मी बोलून गेले. चाचा गप्प झाले ते झालेच. शेवटी मुलानं समजूत घातली, तेव्हा दोन घोट घेतले. नंतर उलगडा झाला. चिठ्ठीवर 'ग्लिमेपिराइड, सकाळी नाश्त्याआधी' लिहिलेलं. ही साखर उतरवणारी गोळी. चाचांनी ती पहाटे सेहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला घेतली आणि पुढं दिवसभर पोटात काही नाही. चिठ्ठी आमचीच होती. रोजा धरणार का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या या मिरजेत मुसलमान पेशंट नसलेला वॉर्ड विरळाच. तरी केसपेपर करताना हा एक प्रश्न राहून जातो. आणि "रोजा सोडा" असं फटकन सांगितलं की पेशंट सोडत नाही, आपल्यापासून लपवतो. मग गोळी चुकते, डोस दुप्पट होतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

म्हणून रमजानच्या दीड-दोन महिने आधीच विचारा. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की आपल्याकडं रोजा साधारण 13 तासांचा होतो. तेवढ्या उपाशी वेळेचा हिशेब धरून डॉक्टर गोळ्या बदलून देतात. सकाळची ग्लिमेपिराइड बहुतेक वेळा इफ्तारवर, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडतानाच्या जेवणावर जाते, मेटफॉर्मिन या साखरेच्या दुसऱ्या गोळीचा मोठा डोसही तिकडेच. पेशंटनं मनानं बदल करू नये, हेही सांगा. किडनी फार बिघडलेली असेल, वरचेवर साखर उतरत असेल किंवा टाइप 1 मधुमेह असेल, तर रोजा धोक्याचा, हे स्पष्ट बोला. पण आवाज मवाळ ठेवा. आजाऱ्याला कुराणातच सवलत आहे. रोजे नंतर भरून काढता येतात, आणि बरं होण्याची आशाच नसेल तर फिदया म्हणून गरिबाला जेवू घालतात. आपल्या तोंडून पटलं नाही, तर त्यांच्या मौलानांशी बोलायला सांगा. मी हे बऱ्याचदा करते आणि गुण येतो.

आणखी एक गैरसमज फार नडतो. बोट टोचलं की रोजा तुटतो, या भीतीनं लोक शुगर तपासतच नाहीत. बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या मते रक्त तपासल्यानं किंवा इन्सुलिन घेतल्यानं रोजा तुटत नाही. ग्लुकोजची सलाईन मात्र वेगळी, ती पोषण देते, म्हणून तिनं तुटतो. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मात्र रोजा तिथंच सोडायचा. हे दोन आकडे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

नमाजाच्या बाबतीत वेगळीच चूक होते. ऑपरेशनची जखम असलेला पेशंट वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला हळूच बाथरूममध्ये जातो आणि ड्रेसिंग भिजवून येतो. रागावू नका. पाणी चालत नसेल, तर तयम्मुम आहे: स्वच्छ माती किंवा दगडावर तळवे टेकवून चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवायचे. नातेवाइकांना कृष्णाकाठचा एक गुळगुळीत दगड धुऊन आणायला सांगा. तो त्याच पेशंटच्या उशाशी राहू द्या, दुसऱ्याला देऊ नका. नमाज बसून, पडून, नुसत्या खुणेनंही होते. किबला, म्हणजे नमाजाची दिशा, आपल्याकडून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं. खाट फिरवता येत नसेल तर तसं सांगा, अडत नाही.

बायकांच्या तपासणीला जमेल तिथं बाई स्टाफ द्या, नाहीतर निदान पडदा ओढा आणि अंगावरची चादर काढण्याआधी विचारा.

तावीज कात्रीनं कापू नका. एमआरआय किंवा ऑपरेशनआधी तो काढावाच लागतो, पण घरच्यांच्या हातून सोडवून घ्या आणि त्यांच्याच ताब्यात द्या.