संगणक हँग झाल्यावर घाई नडते: या चुका टाळा

विंडोज अडकलं की हात आपोआप दोन गोष्टींकडे जातो, माउसकडे आणि पॉवर बटणाकडे. नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं, कारण नक्की काय अडकलंय हे पाहायचं राहून जातं. एखादा प्रोग्रॅम, टास्कबार, पडद्यावरचं चित्र आणि संपूर्ण विंडोज या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चौघांवरचे उपायही वेगळे आहेत.

क्लिकवर क्लिक

एखाद्या प्रोग्रॅमने साधारण 5 सेकंद काहीच दाद दिली नाही की विंडोज त्याची खिडकी फिकट करतं आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहितं. तेव्हा समोर दिसते ती त्या प्रोग्रॅमची खरी खिडकी नसते, विंडोजने तिच्या जागी उभी केलेली नक्कल असते. ती हलवता येते, लहान-मोठी करता येते, बंद करता येते, बाकी काही नाही. त्याआधी मारलेले क्लिक मात्र रांगेत पडून राहतात. प्रोग्रॅम जागा झाला की ते एकामागोमाग एक लागू होतात आणि एकच प्रिंट चार वेळा निघते.

म्हणून आधी हात थांबवा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी, उघडा. अडकलेल्या प्रोग्रॅमच्या ओळीतले सीपीयू किंवा डिस्कचे आकडे हलत असतील तर काम चालू आहे. मोठी एक्सेल फाइल आकडेमोड करताना अशीच गप्प होते. तिला पाच-दहा मिनिटं द्या. प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करणारं ‘एंड टास्क’ फाइल सेव्ह करू का असं विचारत नाही, हे लक्षात असू द्या.

थेट पॉवर बटण

आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज आतून जिवंत आहे, आणि तुमचं न साठवलेलं काम वाचण्याची चांगली शक्यता आहे.

चित्र थिजलंय किंवा पडदा काळा झालाय, पण आवाज येतोय? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर लुकलुकतो, उघड्या फाइल्स तशाच राहतात. इतका उपयोगी उपाय फार कमी लोकांना माहीत असतो.

फक्त टास्कबार किंवा स्टार्ट मेनू अडकला असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. मात्र त्या वेळी फाइल कॉपी होत असेल तर ती अर्धवट तुटते, तेवढं आधी पाहा.

टास्क मॅनेजरही उघडत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा. तेही चाललं नाही आणि कॅप्स लॉकचा दिवाही ढिम्म असेल, तरच पॉवर बटण सुमारे 10 सेकंद दाबून धरा. अपडेट चालू असताना मात्र हे करू नका. टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर दिसली तरी आत काम चालू असू शकतं.

शटडाउन म्हणजे नवी सुरुवात, हा समज

विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. बिघडलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे, ते पाहा. रोज शटडाउन करूनही तिथे बरेच दिवस दिसतील. खरी नवी सुरुवात ‘रीस्टार्ट’ने होते.

कारण न पाहता उपाय

एकावर एक दोन अँटिव्हायरस, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे प्रोग्रॅम: यांनी संगणक आणखी अडकू शकतो. रॅम, म्हणजे संगणकाची मेमरी, वाढवण्याआधीही परफॉर्मन्स टॅब पाहा. मेमरी 90 टक्क्यांच्या वर आणि सोबत डिस्कही धावतेय, तर रॅम खरंच अपुरी आहे. पण मेमरी अर्धी मोकळी, डिस्क 100 टक्के, वाचन-लेखनाचा वेग मात्र एखाद-दोन एमबी आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ (डिस्कला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ) सतत शेकडो मिलिसेकंद असेल, तर डिस्क किंवा तिची केबल संशयित धरा. इथे रॅम बदलून फरक पडणार नाही.

खात्रीसाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘विंडोज लॉग्ज’खालचं ‘सिस्टम’ उघडा. तिथे ‘डिस्क’ या नावाने आलेली नोंद क्रमांक 7 म्हणजे खराब ब्लॉक (डिस्कचा बिघडलेला भाग), 153 म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. ‘कर्नल-पॉवर 41’ पाहून बरेच जण पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद एवढंच सांगते की संगणक नीट बंद झाला नव्हता. बटण दाबून धरलं तरी तीच उमटते.

क्रमांक 7 वारंवार दिसत असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवण्याआधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स आधी. पूर्ण तपासणीत डिस्कचा प्रत्येक भाग वाचला जातो, आणि मोडकळीला आलेली डिस्क त्या ताणानेच कायमची बंद पडू शकते.